कसब आणि त्याचा दाखला : ध्वनिचित्रमुद्रकाचे परदेशगमन

“आमचा मुलगा साउंडचे सगळे करतो, लग्नाची शूटिंगही करतो, त्याला कॅनडात घेतील का हो?” असा प्रश्न आता राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही वडीलधारी माणसे विचारू लागली आहेत. सास्तीच्या कोळसा खाणीत किंवा गडचांदुराच्या सिमेंट कारखान्यात मुलगा चिकटला म्हणजे त्याचे भले झाले असे मानणाऱ्या पिढीला मिक्सर आणि कॅमेरा यांच्यावर पोट भरते हेच मुळी उशिरा पटले. तेव्हा त्याच कसबावर समुद्रापलीकडे कायमचे घर करता येते की नाही, याविषयी तिला शंका वाटली तर नवल नाही. या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांपैकी काही जण त्या उत्तराचे पैसेही घेतात. आपण मात्र प्रश्नाचे तुकडे करून एकेका तुकड्याचे उत्तर क्रमाने शोधू.

१. जाण्याचे तीन प्रकार

जे राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, १९५६ साली हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून सुटून मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्याला जोडले गेले, १९५९ साली चांदा जिल्ह्यात आले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राचे झाले, तेथील वृद्धांनी घराचा उंबरठाही न ओलांडता राज्य बदलण्याचा अनुभव घेतलेला आहे. तो बदल सरकारी हुकमाने झाला. माणसाने स्वतः उठून मुलूख बदलायचा म्हटले की हुकूम मिळवण्याची सारी खटपट त्याच्याच माथी येते, आणि ती कोणत्या कचेरीत करावयाची हे जाण्याच्या प्रकारावर अवलंबून असते.

पहिला प्रकार कराराचा. दुबईच्या किंवा दोह्याच्या एखाद्या समारंभ-कंपनीने अगर हॉटेलने ठरावीक मुदतीसाठी नोकरीस ठेवावयाचे आणि मुदत सरली की करार वाढवून घ्यावयाचा किंवा परत यावयाचे, असा हा व्यवहार असतो. त्यातून नागरिकत्व सहसा मिळत नाही. दुसरा प्रकार शिक्षणाचा : तेथील संस्थेत शुल्क भरून शिकावयाचे आणि नंतर नियमांत बसल्यास काही काळ नोकरी करावयाची. तिसरा प्रकार स्थायी निवासाचा. यात तेथील सरकार अर्जदाराचे वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांची मोजदाद करून त्याला कायम राहण्याची परवानगी देते आणि अमक्याच मालकाकडे काम करावे असे बंधन घालत नाही. कॅनडात अशा रहिवाशाने पाच वर्षांच्या अवधीत १,०९५ दिवस वास्तव्य केले की त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. आरंभीच्या प्रश्नातील ‘घेतील का’ हे शब्द या तिसऱ्या प्रकाराला उद्देशून आहेत; म्हणून त्याचाच विचार आधी करू.

२. पूर्वी तंत्रज्ञ कसे जात-येत

त्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू. यंत्रावर आवाज किंवा चित्र धरणाऱ्या माणसाने समुद्र ओलांडणे ही गोष्ट नवी नाही. फक्त आरंभी हा प्रवास उलट दिशेने होत असे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा अमेरिकी ध्वनिमुद्रक सारी सामग्री घेऊन कलकत्त्यास आला आणि गौहरजान यांचा आवाज त्याने तबकडीवर उतरवला. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले खरे, परंतु तेथे राहणे हा त्यांचा उद्देश नव्हता. चित्रपटकलेची माहिती आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मिळवून ते परतले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. १९३१ च्या ‘आलम आरा’साठी विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकी ध्वनितज्ज्ञ यंत्राबरोबर मुंबईस आला, त्याचा रोजचा मेहनताना परवडेना, तेव्हा आर्देशीर इराणी यांनी मुद्रणाचे काम स्वतःच शिकून अंगावर घेतले. प्रभात कंपनीत विष्णुपंत दामले यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली, तर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजने जोसेफ विर्शिंग यांच्यासारखे जर्मन तंत्रज्ञ नोकरीस ठेवले होते.

या साऱ्या हकिगतींत एक गोष्ट समान आहे : जो तंत्रज्ञ गेला किंवा आला, त्याला कोणी तरी ओळखून बोलावले होते, अथवा तो स्वतःच्या धंद्यासाठी स्वतःच्या खर्चाने गेला होता. त्याच्या कानाची आणि हाताची परीक्षा धंद्यातलीच माणसे करीत होती. आजच्या स्थायी निवासाच्या अर्जाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र ध्वनिमुद्रणाचे ज्ञान असण्याची गरज नसते. तो अर्जदाराचे काम ऐकत नाही. त्याच्यासमोर फक्त दस्तऐवज असतात. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुढील सारे नियम समजण्यास सोपे जातात.

३. हुद्दा कोणताही असो, संकेतांक पाहावा

अधिकारी काम ऐकत नाही, तर मग अर्जदाराचा व्यवसाय तो ओळखतो कसा? त्यासाठी प्रत्येक देशाने व्यवसायांची वर्गवारी करून प्रत्येकाला संकेतांक दिला आहे. कॅनडाच्या वर्गवारीत ध्वनी व चित्र मुद्रण-तंत्रज्ञांचा संकेतांक ५२११३ हा आहे. त्यातील पहिला अंक ५ हा कला, संस्कृती, मनोरंजन व क्रीडा या क्षेत्राचा. दुसरा अंक २ हा त्या कामास सामान्यतः किती शिक्षण लागते याचा, म्हणजे दोन वा अधिक वर्षांची महाविद्यालयीन पदविका किंवा तितक्या काळाची उमेदवारी. कुशल कामगारांच्या संघीय योजनेत दुसरा अंक ० ते ३ असलेले व्यवसाय बसतात. तेव्हा आपला तंत्रज्ञ दारापर्यंत तरी येऊन पोहोचला.

आता खरी अडचण पुढे आहे. राजुऱ्याचा मुलगा एकाच हंगामात लग्नाचे फोटो काढतो, व्हिडिओ घेतो, तो घरी संगणकावर जुळवतो आणि गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राचा मिक्सरही सांभाळतो. कॅनडाच्या दृष्टीने ही एकाच माणसाची तीन निराळी कामे आहेत : छायाचित्रकार ५३११०, चलच्चित्राचा कॅमेरा चालवणारा ५२११०, आणि ध्वनी व चित्र यांचे मुद्रण, मिश्रण व संपादन करणारा ५२११३. अनुभवाचे किमान एक सलग वर्ष अर्जदाराने सांगितलेल्या मुख्य व्यवसायातलेच असावे लागते. आपण काय म्हणवून घेतो याला येथे महत्त्व नाही. वर्गवारीत त्या संकेतांकाखाली जी कर्तव्ये दिली आहेत, त्यांतील बहुतेक आपण खरोखर करीत होतो की नाही, एवढेच पाहिले जाते. ऑस्ट्रेलियाच्या प्रचलित यादीत तर ध्वनितंत्रज्ञ (३९९५१६) आणि चित्रपट-दूरदर्शनचा कॅमेरा चालवणारा (३९९५१२) असे दोन वेगळे व्यवसाय असून, गुणांवर आधारलेल्या व्हिसासाठी अर्जापूर्वीच नेमलेल्या संस्थेकडून कसबाचे मूल्यमापन करून घ्यावे लागते.

४. गुणांचा हिशेब

संकेतांक जुळला की गुणांची पाळी येते. कॅनडाच्या संघीय योजनेत शंभरपैकी सदुसष्ट गुण मिळाल्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही. एक कल्पित उमेदवार घेऊ : वय तीस, तीन वर्षांची पदवी, ध्वनिमुद्रणाचा सहा वर्षांचा सिद्ध करता येण्याजोगा अनुभव, नात्यातले किंवा ओळखीचे तेथे कोणी नाही, हाती नोकरीही नाही.

वयाचे गुण : १२ (अठरा ते पस्तीस वर्षांपर्यंत पूर्ण).
शिक्षणाचे गुण : २१.
अनुभवाचे गुण : १५ (सहा वर्षे वा अधिक).
इंग्रजीचे गुण : ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही अंगांत किमान पातळी गाठल्यास प्रत्येकी ४, म्हणजे १६.
बेरीज : ६४.

तीन गुण कमी पडले! शिक्षण एका रात्रीत वाढत नाही आणि वय तर उलटच चालते. हलवता येण्याजोगा आकडा एकच उरतो, तो भाषेचा. ही किमान पातळी म्हणजे आयईएलटीएस परीक्षेत चारही अंगांत ६ गुण. त्याच परीक्षेत ऐकण्यात ७.५ आणि उरलेल्या तिन्हींत ६.५ मिळवले की भाषेचे गुण १६ चे २० होतात आणि बेरीज ६८ वर जाते. राजुऱ्याचा मुलगा घरी मराठी, बाजारात तेलुगू, नोकरीत हिंदी आणि पाड्यावर गोंडी सहज बोलतो; पण कॅनडाच्या तक्त्यात रकाने आहेत ते फक्त इंग्रजी आणि फ्रेंच यांचे. चार भाषा येणाऱ्या माणसाला भाषेच्याच रकान्यात अडवणारा हा हिशेब कोणाला अन्यायाचा वाटेल. पण परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी तो समजून घेतलेला बरा.

५. सदुसष्टच्या पुढे

येथे अनेक सल्लागार थांबतात आणि अनेक उमेदवार फसतात. सदुसष्ट गुण म्हणजे केवळ रांगेत उभे राहण्याचा अधिकार. रांगेतल्या माणसांची निवड दुसऱ्याच, १,२०० गुणांच्या तक्त्याने होते. त्यात ज्याचे गुण अधिक त्याला आमंत्रण आधी. वरचाच उमेदवार अविवाहित असेल, तर त्या तक्त्यात त्याचे वयाचे १०५, पदवीचे १२०, भाषेचे ९२ आणि शिक्षण, अनुभव व भाषा यांच्या मेळाचे ३८ मिळून ३५५ गुण होतात. २०२४ साली सर्वसाधारण फेऱ्यांतून आमंत्रण मिळवण्यास पाचशेहून अधिक गुण लागत होते. इंग्रजी आणखी एक पायरी वर नेली, म्हणजे ऐकण्यात ८ आणि इतर अंगांत ७ मिळवले, तर ३५५ चे ४२४ होतात. तरीही अंतर उरतेच.

हे अंतर भरून काढणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत. एखाद्या प्रांताने आपणहून शिफारस केली तर एकदम ६०० गुण मिळतात. फ्रेंच उत्तम येत असेल तर २०२३ पासून त्या भाषेच्या जाणकारांसाठी स्वतंत्र फेऱ्या घेतल्या जातात आणि तेथील पट्टी बरीच खाली असते. आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकामाचे धंदे अशा क्षेत्रांसाठीही त्याच वर्षापासून निराळ्या फेऱ्या निघाल्या. ध्वनिचित्रमुद्रणाला त्यांत स्थान मिळाले नाही. कला आणि क्रीडा क्षेत्रांत स्वतंत्र धंदा करणाऱ्यांसाठी जी योजना होती, तिचे नवे अर्ज ३० एप्रिल २०२४ पासून घेणे थांबवण्यात आले. शिवाय तेथील नोकरी हाती नसलेल्या एकट्या अर्जदारालाही नऊ-दहा लाख रुपयांच्या घरातली स्वतःची शिल्लक दाखवावी लागते, आणि उसनवारीने उभी केलेली रक्कम त्यात धरली जात नाही. ऑस्ट्रेलियाची किमान रेषा ६५ गुणांची असून पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेल्यास दार बंद होते; तेथेही किमान गुण मिळणे आणि आमंत्रण येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६. दाखला कसा तयार होतो

आतापर्यंतच्या हिशेबात ‘सिद्ध करता येण्याजोगा अनुभव’ हे शब्द आपण सहज वापरले. या सर्व प्रकरणाची मेख तेथेच आहे. खाणीतल्या कामगाराला दरमहा पगारपत्रक मिळते, भविष्यनिर्वाह निधीची नोंद होते, हजेरी लागते. साउंडवाल्याचे काम तोंडी ठरते, रोख चुकते होते आणि मंडप उतरला की त्याची खूणही राहत नाही. जमीन कोण कसतो हे साऱ्या शिवाराला ठाऊक असले, तरी पीककर्ज देणारी बँक शिवाराला विचारीत बसत नाही, सातबारा मागते; परदेशी कचेरीचा खाक्या अगदी असाच आहे.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, वडसा-देसाईगंजच्या आसपास, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. या रंगभूमीची दखल डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली मिळालेल्या पद्मश्रीने देशभर घेतली गेली. अशा नाटकाला साउंड लावणाऱ्या मुलाची एक रात्र पाहा. दुपारी टेम्पो येतो; धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप उभा असतो. रंगमंचावर माइक अशा बेताने लावायचे की नट मागे सरकला तरी आवाज पडू नये आणि समोरच्या भोंग्याचा आवाज माइकात शिरून शीळही घुमू नये. जनरेटर सुरू होताच कर्ण्यांतून घरघर येऊ लागते. मग एकेक वायर काढून पाहायची, दोष जोडणीत आहे की जमिनीशी जोडलेल्या तारेत आहे हे हुडकायचे. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत एका हाताने वाद्यांचा जोर आवरायचा, दुसऱ्याने संवाद उचलायचे. कोणी सांगितले तर हे सारे पेन ड्राइव्हवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी त्याची सफाईही करून द्यायची. एवढे करून त्याच्या वहीत जी नोंद पडते ती अशी : ‘वडसा, नाटक, साउंड. पैसे आले.’

परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने या नोंदीची किंमत शून्य आहे. त्याला हवी असलेली नोंद अशी असते : तारीख, गाव व कार्यक्रम, काम देणाऱ्याचे नाव, पत्ता व स्वाक्षरी, किती माइक, कोणता मिक्सर, मुद्रण केले की नाही, उभारणीपासून सफाईपर्यंतचे तास, मेहनताना, आणि तो बँकेत जमा झाल्याची तारीख. तासांचे महत्त्व विशेष. कॅनडा पूर्णवेळ काम आठवड्यास तीस तासांचे धरतो आणि वर्षाचे १,५६० तास मोजतो. त्याहून अधिक तास राबले म्हणून कमी काळात वर्ष पुरे होत नाही. हंगामी कामात येणारा पावसाळ्याचा खंड म्हणूनच घातक ठरतो. तो भरून काढायचा असेल तर त्या महिन्यांत चंद्रपूरच्या वा नागपूरच्या स्टुडिओत संपादनाचे काम धरावे आणि त्याचाही दाखला घ्यावा.

नोकरीचा दाखला संस्थेच्या नाममुद्रित कागदावर असावा. त्यात हुद्दा, नेमणुकीची व सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन आणि मुख्य कर्तव्ये ही पाचही कलमे असावीत, आणि खाली जबाबदार माणसाची सही व संपर्काचा पत्ता. ‘सदर इसम मेहनती व सचोटीचा आहे’ ही आपल्याकडची आवडती ओळ तेथे निरुपयोगी आहे. ‘बारा माइकांपर्यंतच्या जिवंत कार्यक्रमाचे मुद्रण, मिश्रण व नंतरचे ध्वनिसंपादन केले’ ही ओळ उपयोगाची आहे. ज्याचा धंदा स्वतःचा आहे त्याला स्वतःच स्वतःला दाखला देता येत नाही. त्याने उद्यम नोंदणी करावी, क्रमांक घातलेले पावतीपुस्तक ठेवावे, पैसे बँकेमार्फत घ्यावेत, प्राप्तिकराचे विवरणपत्र दरवर्षी भरावे आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांकडून कामाची पत्रे जमवावीत. उद्यम नोंदणीला शुल्क लागत नाही, आणि उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरता येते.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. कागद नाहीत म्हणून ते ‘करून देणारे’ लोक तालुक्यापासून राजधानीपर्यंत आहेत. खोटा दाखला उघडकीस आला तर कॅनडाचे दार पाच वर्षे बंद होते, आणि त्याची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावी लागते.

७. शिक्षणाचा आणि कराराचा मार्ग

शिक्षणाच्या मार्गाविषयी थोडक्यात सांगता येईल. पुण्याच्या चित्रपट संस्थेत, जी १९६० साली प्रभातच्याच जागेत सुरू झाली, ध्वनीचा रीतसर अभ्यासक्रम आहे. २००९ साली ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी तेथलेच. परदेशी महाविद्यालयात जाण्यापूर्वी निदान या दर्जाशी आणि खर्चाशी तुलना करावी. कॅनडात १ नोव्हेंबर २०२४ पासून पदविकेच्या विद्यार्थ्यांना शिक्षणोत्तर नोकरीचा परवाना ठरावीक विषयांपुरताच मिळू लागला. म्हणून आपला अभ्यासक्रम त्या यादीत आहे काय, हे शुल्क भरण्याच्या आधी पाहावे, नंतर पाहून उपयोग नाही.

कराराचा मार्ग राजुऱ्याच्या मुलाला सर्वांत जवळचा आहे. आखातातील हॉटेले, प्रदर्शने आणि सभागृहे यांना ध्वनिचित्र-तंत्रज्ञ लागतात आणि तेथे गुणांचा तक्ता नसतो. त्यावर आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याचे नियंत्रण आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर तसा शेरा असतो आणि ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. नोकरी लावून देणारा दलाल परवानाधारक आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येते, आणि त्याला नियमाप्रमाणे ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून जास्त घेता येत नाही. ‘आधी पर्यटक म्हणून जा, मग बघू’ असे जो सांगतो त्याच्याकडे परवाना असो वा नसो, त्याच्या वाटेस जाऊ नये. या मार्गाने मिळणारा मोठा लाभ पगाराहून निराळा आहे : दोन-तीन वर्षांचा सलग, पूर्णवेळ आणि कागदोपत्री निर्विवाद असा अनुभव पदरी पडतो, आणि सहाव्या कलमात ज्याची उणीव दिसली ती आपोआप भरून निघते.

८. मग कोणी काय करावे

वडिलांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ज्याचे वय तिशीच्या आत आहे, पदवी आहे, ज्याला इंग्रजी वरच्या पायरीवर नेता येईल आणि शिवाय फ्रेंचची किंवा एखाद्या प्रांताच्या शिफारशीची जोड मिळवता येईल, त्याने स्थायी निवासाचा प्रयत्न अवश्य करावा. ज्याच्यापाशी कसब आहे पण पदवी किंवा भाषा नाही, त्याने आधी करारावर जावे अथवा येथेच दोन वर्षे नोंदी आणि इंग्रजी पक्की करावी. आणि ज्याला कोणी ‘सदुसष्ट गुण झाले, काम झाले’ असे सांगून लाखभर रुपये मागत असेल, त्याने ते पैसे देऊ नयेत.

क्रमही ध्यानात ठेवावा : प्रथम नोंदवही व पावत्या, मग नागपूरच्या कार्यालयामार्फत पारपत्र, त्यानंतर भाषेची परीक्षा, तिचा निकाल पाहून पदवीचे समतुल्यता-मूल्यमापन, आणि सर्वांत शेवटी देशाची निवड. बहुतेक जण हा क्रम उलटा धरतात. देश आधी ठरवतात आणि दाखल्यांची आठवण त्यांना अर्जाच्या मुदतीच्या आठवड्यात होते. नियम, गुण आणि याद्या सरकारे दरवर्षी बदलतात. म्हणून येथील प्रत्येक आकडा अर्जाच्या दिवशीच्या सरकारी पत्रकाशी ताडून पाहावा. नोंदवहीला मात्र हा धोका नाही. तिच्या आधारावर परदेशची कचेरी अनुभव मोजते, बँक नव्या मिक्सरसाठी कर्ज देते आणि नागपूरचा स्टुडिओ नोकरीस घेतो. तेव्हा जाणे झाले नाही तरी ती लिहिण्याचे श्रम वाया जात नाहीत, आणि ती सुरू करण्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.